आफ्रिकन दिसण्याबाबत समितीचा निर्णय

प्रेक्षकाला जे आधीपासून ठाऊक आहे, तेच त्याला न चुकता दाखवणं, हे कलेचं पहिलं कर्तव्य होय.

अमेरिकेला हे फार लवकर उमगलं. दीड-दोनशे वर्षांपूर्वी तिथले गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून काळ्या माणसाची सोंगं काढीत. डोळे फिरवायचे, दात विचकायचे, आळशीपणा करायचा, तिकिटं खपायची. पुढे खरोखरीचे काळे नट आले, तर त्यांनाही बूच फासायला लावलं. (काळेपणात कमी नव्हते बिचारे; ओळखीचे वाटत नव्हते.)

दिघीजवळच्या एका शाळेच्या स्नेहसंमेलन समितीने हा इतिहास वाचलेला नाही. तरी ती स्वबळावर त्याच निष्कर्षाला पोचली, ही कोकणाला भूषणावह गोष्ट आहे.

यंदा ‘आफ्रिकन नृत्य’ ठरलं. मंजूर साहित्य: झावळ्यांचे घागरे बारा, प्लास्टिकची हाडं चोवीस, काजळाच्या डब्या नऊ, आरोळ्या दोन प्रकारच्या (एक आनंदाची, एक माणूस शिजवतानाची). आफ्रिकेत देश चोपन्न आहेत. समितीने ते एका पातेल्याभोवती बसवले.

आठवीतल्या काशिफाचे पूर्वज आफ्रिकेतून गलबताने याच किनाऱ्याला लागले. पावलं तिची सगळ्यांत चोख, म्हणून पहिली रांग मिळाली. काजळाची डबी पुढे आली तेव्हा ती म्हणाली, “मला कशाला, सर? आमचे खापरपणजोबाच तिकडचे.”

नाच बसवणारे शुभम सर समजूतदार. “ते आपल्याला माहीत आहे गं. पब्लिकला काय तुझी वंशावळ वाटायची?”

“झेरॉक्स काढून वाटा ना.”

“रंग नाही, तर पहिली रांग नाही. बघ बाई.”

काशिफाला पहिली रांग हवी होती, पण स्वतःच्या तोंडानिशी. तिने मुकाट्याने रंगवून घेतलं आणि पडदा उघडायच्या आत नळावर जाऊन तोंड धुऊन आली.

ती नाचली. सुरेख नाचली. खुर्च्यांतून आवाज आला, “पुढची ती कोन रं? रंगवायची ऱ्हायली काय?”

परीक्षकांनी काशिफाच्या पदन्यासाला दहापैकी दहा दिले, तालाला दहा, वेशभूषेला शून्य. शेरा: ‘आफ्रिकन वाटत नाही.’ पहिलं बक्षीस तिच्याच रांगेतल्या, काजळ फासलेल्या प्राप्तीला गेलं. तिने डोळे छान फिरवले होते.

परीक्षकांचा राग आला ना? मलाही आला. फक्त एक बारीक शंका आहे. काशिफाचा रंग, केस, नाक, ओठ यांविषयी मी वर एक अक्षरही लिहिलेलं नाही. मग इतका वेळ तुमच्या डोळ्यांपुढे जी मुलगी नाचत होती, तिला कुणी रंगवलं?