डावा हात विज्ञानाचा

औषध जितके सूक्ष्म, तितका त्याचा समारंभ मोठा, हा वैद्यकशास्त्राचा सर्वमान्य नियम आहे. नॅनो मलमाचा कण केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढा. साहजिकच त्याच्या उद्घाटनाला सभागृह अपुरे पडले. (कण मात्र सगळे मावले.)

या मलमाचा प्रयोग सोरायसिसच्या रुग्णांवर व्हायचा होता. सलूनवाले आप्पा त्यांतले एक. त्यांच्या दोन्ही हातांवर लाल चट्टे होते आणि त्यांवरून पांढरे पापुद्रे गळत. ते दिसले की गिऱ्हाइकाला घरी गॅस चालू राहिल्याचे आठवे आणि तो समोरच्या दुकानात जाऊन दाढी करून घेई. आप्पांच्या ते फार जिव्हारी लागे. नॅनो कण कातडीच्या थरांतून थेट दुखण्यापर्यंत उतरतो, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यावर त्यांना कित्येक वर्षांनी आशा वाटली.

पद्धत अत्यंत न्याय्य होती. उजव्या हाताला एक ट्यूब, डाव्याला दुसरी. एकीत औषध, दुसरीत नुसतेच मलम. कशात काय, हे रुग्णालाही कळू द्यायचे नाही आणि डॉक्टरलाही. लवकरच उजवा हात लख्ख झाला, डावा होता तसाच राहिला आणि गुपित केवळ कागदोपत्री उरले.

"बाई, उजवीकडचं मलम डाव्यालाही लावू का?"

"छे! मग तुलना कशाशी करायची? डावा हात विज्ञानाचा आहे, आप्पा."

"अहो, पण गिऱ्हाइकाचं डोकं मी त्याच हातानं धरतो!"

हा मुद्दा 'इतर निरीक्षणे' या सदरात नोंदवण्यात आला.

"लावा हो गुपचूप, कोण बघतंय?" बायको म्हणाली. पण आप्पा पडले शब्दाचे पक्के. डावा हात खिशात घालून ते एका हाताने केस कापू लागले. कात्री छान चाले. डोकी मात्र हलत. उरलीसुरली गिऱ्हाइके कानाच्या काळजीने गेली.

प्रयोग यशस्वी ठरला. टाळ्या झाल्या, ट्यूबा परत घेण्यात आल्या. मलम बाजारात यायला अजून काही वर्षे लागणार होती. पुढच्या टप्प्यात आप्पांना घेता आले असते, पण त्यासाठी दोन्ही हातांवर रोग हवा.

"काळजी करू नका," बाई आपुलकीने म्हणाल्या. "मलम थांबलं की उजवाही पहिल्यासारखा होईल."

झाला. विज्ञान दिला शब्द पाळते.

हा रोग स्पर्शाने पसरत नाही, हे तुम्हाला सांगायला नकोच; तुम्ही शिकलेले. आप्पांचे दुकान उघडे आहे, रांग नाही, खुर्ची स्वच्छ पुसलेली आहे, आणि तुमचे केसही बरेच वाढलेत. बसा ना.

नाही, घाईत असाल तर आग्रह नाही.