उष्म्याची सभा आणि पन्नास किलो वांगी

"आधार, शनिवारी दोनशे नागरिक पाहिजेत," मुख्याधिकारी म्हणाले. "आणि तेही सूचना करणारे."

आधार नगरपालिकेत नऊ वर्षं रोजंदारीवर कारकुनी करत होता. वरून पत्र आलं होतं, की शहराच्या वाढत्या उष्म्यावर नागरिकांना सोबत घेऊन कृती आराखडा तयार करा. दर मे महिन्यात पारा सेहेचाळीसला टेकतो, तेव्हा कोणी विचारलं नाही. पत्र आलं ते जानेवारीत. गेल्या सोमवारी पहिली सभा झाली. तिघे आले. एक जन्माच्या दाखल्यासाठी, एक त्याच्या सोबतीला आणि तिसरा झिपरू शिपाई, खुर्च्या मांडायला.

"या वेळी नाशिकचे साहेब स्वतः येताहेत. सभा भरली तर तुझी कायमची ऑर्डर काढतो. नाही भरली तर एक तारखेपासून येऊ नकोस."

आता खान्देशात जानेवारीत माणसं जमवायची तर डोकं खाजवायची गरज नाही. आधारने गावभर दवंडी दिली: उष्म्यावर सभा, नंतर भरीत-पुरी. बामणोदची हिरवी वांगी आणून द्यायचं आणि भाजायचं काम भाजी बाजारातल्या भागाबाईने अंगावर घेतलं. तिच्या हातचं भरीत म्हटल्यावर माणूस तापातून उठून येतो.

शनिवारी अकरालाच पटांगण भरलं. वांगी धुऊन, टोचून, तेल लावून तयार होती. नव्हत्या फक्त कपाशीच्या काड्या. भरीत काड्यांच्याच जाळावर भाजायचं, हा तर इकडचा धर्म. काड्यांची बैलगाडी जकात नाक्यावर अडकली होती. काड्यांवर जकात लागते की नाही, हे नाक्यावरच्या कारकुनाला पुस्तकात सापडत नव्हतं.

"अहो, नगरपालिकेच्याच सभेच्या काड्या आहेत," सायकल टाकून आधार म्हणाला.

"मग नगरपालिकेच्याच मुख्याधिकाऱ्यांची सही आणा."

मुख्याधिकारी नाशिकच्या साहेबांना घ्यायला विश्रामगृहावर गेलेले. तासभर हुज्जत घालून आधार हात हलवत परत आला, तर पटांगणात जाळ लागलेला आणि वांग्यांचा खमंग वास सुटलेला. त्याचा जीव भांड्यात पडला.

"अक्का, काड्या कुठून आणल्या?"

"रस्तावरन्या," भागाबाई वांगं उलटत म्हणाली.

जाळातून बांबूची एक कामटी बाहेर आली होती. तिच्यावर पांढऱ्या रंगात आकडा होता, २१७. शहरात लावलेल्या तीनशे झाडांच्या कुंपणांवर असे आकडे त्याने स्वतः रंगवले होते. आराखड्याच्या पहिल्याच पानावर ती तीनशे झाडं डौलात उभी होती.

"अक्का, घात केला. झाडांची कुंपणं जाळली?"

"कसानं झाड? दोन वरीस झायात, त्यामा काडीबी नही शे. झाड ऱ्हातं तं मी हात लावती का?"

आधार रस्त्याकडे धावला. कुंपणं सगळीच उपटलेली. खड्ड्यामागून खड्डे पाहिले. विडीची थोटकं होती, एक तुटकी चप्पल होती. मूळ म्हणून कशाचं नव्हतं.

तेवढ्यात जीप आली. साहेबांनी दोनशे नागरिक पाहिले आणि खूश झाले. आधी भरीत झालं. तिसऱ्या वाढणीनंतर साहेब हात पुसत म्हणाले, "चला, आता ती तीनशे झाडं दाखवा."

मुख्याधिकाऱ्यांनी रस्त्याकडे पाहिलं, मग जाळाकडे पाहिलं. माणूस मुरलेला.

"साहेब, काय सांगू? नागरिकांनी उत्साहाच्या भरात सकाळी कुंपणं काढली. झाडं उघडी पडली आणि शेळ्यांनी खाल्ली."

"तीनशेच्या तीनशे?"

"गावात शेळ्या फार आहेत, साहेब."

"मन्या बकऱ्या तं सकायपासून घर बांधेल शेतस," भागाबाई ताडकन म्हणाली. "आन त्या कुंपणमा..."

"आधार, अक्कांना पुऱ्या कमी पडल्यात का बघ," मुख्याधिकारी म्हणाले. त्यांनी आधारकडे असं पाहिलं, की आधारला आपली नऊ वर्षं एकदम आठवली. तो पुऱ्या बघायला गेला.

साहेबांनी शेरा लिहिला: लोकसहभाग उत्तम. नागरिकांची एकमुखी सूचना, शहरातल्या शेळ्यांचा तातडीने बंदोबस्त करावा. खाली दोनशे सह्या आणि अंगठे झाले. तेलकट हाताने कोण कागद वाचत बसतो? भागाबाईचाही अंगठा त्यात होता.

मुख्याधिकारी शब्दाचे पक्के निघाले. सोमवारी ऑर्डर आली. आधार आता कायम. त्याच दिवशी आराखड्यातलं पहिलं काम निघालं, आणि ते त्याच्याकडेच आलं. तो भागाबाईच्या दारात उभा राहिला. चार शेळ्या आठ दिवसांत शहराबाहेर नेण्याची नोटीस त्याच्या हातात होती.

भागाबाईने ती त्याच्याकडूनच वाचून घेतली. रागावली नाही. ओट्यावर बसून तिने एका शेळीच्या पाठीवर हात फिरवला.

"तू तं सवता पाह्यं ना रे भाऊ? खड्डामा काय व्हतं, सांग बरं त्यास्ले."

आधारने शाईचं पॅड उघडून पुढे केलं.

"अक्का, अंगठा द्या," तो हळूच म्हणाला. "मी आता कायम झालो ना."