कॅन्टीनमधलं आमेन

मी एकदा ठरवलं की ठरवलं! मग नवरा आडवा आला तरी ऐकत नाही. आणि आमचा संजय तर आडवा येतच नाही, तो बिचारा बाजूनेच जातो. तर यंदा लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा आमचा उपवासाचा काळ, सुरू झाला तेव्हा मी घरात जाहीर केलं, "चाळीस दिवस मटण बंद!"

"त्यात काय मोठंसं?" सासूबाई म्हणाल्या. आमच्या या सुंदराबाई पुण्यातल्या घोरपडीत, घरात खुर्चीवर बसून चर्चच्या अख्ख्या मंडळीवर नजर ठेवतात. "मटण तर तुला डॉक्टरनेही बंद केलंय. घरी जेवायच्या आधी डोळे मिटून प्रार्थना करतेस, तशी ऑफिसात करतेस का?"

खरं सांगते, ऑफिसात मी डबा उघडता उघडता देवाला नुसता मिस्ड कॉल देत असे. सगळ्यांच्या नजरा कोण झेलणार!

"चर्चमध्ये काय, सगळेच ख्रिस्ती असतात," सासूबाई म्हणाल्या. "ऑफिसात ख्रिस्ती असून दाखव."

"दाखवतेच!" मी म्हटलं. आणि तिथेच फसले.

आमचं ऑफिस येरवड्यात. पाण्याचे फिल्टर विकतो आम्ही. जेलशी आमचा काही संबंध नाही, पण हे दरवेळी सांगावं लागतं. दुसऱ्याच दिवशी मी कॅन्टीनच्या मधल्या टेबलावर डबा उघडला, हात जोडले, मान खाली घातली आणि डोळे घट्ट मिटले. "हे स्वर्गीय पित्या" इथवर पोचले असेन नसेन, तोच शेजारच्या हिराताई किंचाळल्या, "अगं बाई, शर्मिला गेली!"

"शुगर लो झाली असणार! व्हा बाजूला!" हा उत्तरेश्वर. हिशेब खात्यातला, मूळचा बार्शीचा, राहतो वारज्याला. पुढच्या क्षणी माझ्या तोंडात अख्खा पेढा आणि डोक्यावर गार पाणी! आता तोंडात पेढा असताना माणसाने आमेन म्हणायचं तरी कसं?

"प्रार्थना करत होते मी!" पेढा गिळून मी ओरडले.

"कशासाठी?"

"जेवणासाठी!"

उत्तरेश्वरने माझ्या डब्यात डोकावून पाहिलं. दुधीची भाजी होती.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत गोष्ट एचआरच्या निकितापर्यंत पोचली. पोरगी गोड आहे, पण बोलते अशी की समोरच्याला आपण आजारी आहोत असं वाटावं. "मॅम, कोणी ऑफेन्ड नाही झालंय, पण लोक थोडे कन्फ्यूज होतात ना. आपण याला माइंडफुलनेस म्हणूया का? वरती वेलनेस रूम आहे, बीन बॅग आहे, एकदम शांत! मी न्यूजलेटरमध्ये तुमचा फोटो पण टाकते!"

माझं डोकंच फिरलं. "निकिता, उत्तरेश्वर रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू करताना स्क्रीनला नमस्कार करतो. त्याला दिलीस का बीन बॅग? नाही ना? आणि देऊही नकोस, छान करतो तो नमस्कार. माझी ही प्रार्थना आहे आणि तिला मी प्रार्थनाच म्हणणार. डबा खालच्या मजल्यावर आणि आभार वरच्या मजल्यावर, असं आमच्यात नसतं!"

आणि रोज त्याच टेबलावर, त्याच खुर्चीत मी डोळे मिटत राहिले. बघा म्हटलं, काय बघायचं ते!

पण या हट्टाचा परिणाम भलताच झाला. आधी हिराताई आल्या. "तुझं रोज बोलणं होतंच आहे, तर माझ्या गुडघ्याचंही घाल ना कानावर." मग एकेक जण येऊ लागला. उत्तरेश्वरने तर मला झेरॉक्स मशीनच्या मागे गाठलं. "ताई, येत्या शुक्रवारी वारज्याला एका कंपनीत इंटरव्ह्यू आहे. घराच्या अगदी मागे! इथे येण्याजाण्यात माझी पोरगी मला जागी दिसतच नाही हो. तेवढं सांगा. पण बाकी कोणाला बोलू नका!"

"देवाला तर बोलावं लागेल."

"तेवढं चालेल."

सगळ्यांना माझी एकच अट होती. प्रार्थना संपली की आमेन म्हणायचं. विषय द्यायचा आणि सही करायची नाही, असं चालणार नाही.

आता तुम्हाला आमच्या घरसभेची पद्धत सांगायला हवी. तिथे आधी सगळे आपापले प्रार्थनेचे विषय सांगतात. मग जी प्रार्थना करते तिने नावं घेऊन, तपशिलासकट, एकही विषय न गाळता मोठ्याने मागायचं. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गाळलं म्हणून एका बाईंशी त्या वर्षभर बोलल्या नव्हत्या! मी या कामात तरबेज आहे. मोठ्याने एकदा सुरू झाले की मला मध्ये ब्रेक नाही.

बुधवारी आमचे मॅनेजर नागोराव सर स्वतः कॅन्टीनमध्ये जेवायला आले. मला बघून म्हणाले, "काय हो उजागरे मॅडम, रोज तोंडातल्या तोंडात काय पुटपुटता? आमच्याविरुद्ध तर नाही ना?"

सगळे हसले. त्या हसण्याचा मला असा राग आला!

"लपवण्यासारखं काहीही नाही, सर! मोठ्याने म्हणते, ऐका!"

आणि मी डोळे मिटले. "हे आमच्या प्रेमळ स्वर्गीय पित्या, या अन्नाबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. हिराताईंच्या गुडघ्याला स्पर्श कर. आमच्या नागोराव सरांचा राग थोडा कमी कर. आणि पित्या, तुझं लेकरू उत्तरेश्वर शुक्रवारी वारज्याच्या कंपनीत मुलाखतीला जात आहे, त्याच्या मुखात योग्य शब्द घाल. सुट्टीसाठी त्याने जी आजी वारल्याचं सांगितलं आहे, तिला बार्शीत उदंड आयुष्य दे. येशूच्या नावाने मागते, आमेन!"

"आमेन," हिराताई सवयीने म्हणाल्या.

डोळे उघडले आणि मला कळलं. उत्तरेश्वरचा घास हातातच होता. नागोराव सर उठले, "मॅडम, जेवून केबिनमध्ये या," एवढंच म्हणाले आणि गेले.

"ताई," उत्तरेश्वर हळूच म्हणाला, "ती नोकरी तर मिळायची आहे अजून. आता आहे तीही गेली."

मला रडूच आलं. प्रार्थनेची लाज नाही वाटली, माझ्या जिभेची वाटली. त्याची पोरगी डोळ्यांसमोर आली. मी डबा तसाच झाकला आणि केबिनमध्ये शिरले ती भांडायच्या तयारीनेच.

"सर, चूक माझी आहे! काढायचं तर मला काढा, त्याला हात लावायचा नाही. आणि प्रार्थना मी बंद करणार नाही, हे आधीच सांगते!"

"दार लावा."

लावलं.

"बसा."

बसले.

सरांनी पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. "ती मुलाखत त्याची सकाळी आहे की दुपारी?"

"सकाळी. का?"

"मला दुपारची वेळ दिली आहे." मी खुर्ची पुढे ओढली. "त्याला सांगा, आजीचे दिवस नीट कर. तो मला तिथे दिसणार नाही, मी त्याला दिसणार नाही. आणि मॅडम, माझाही विषय घ्या. पण नाव घ्यायचं नाही!"

गुरुवारी मी पुन्हा मधल्या टेबलावर. कॅन्टीन गच्च भरलेलं, कोणी जेवायला सुरुवात करेना. मी मान वर करून सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि मग डोळे मिटले. "हे पित्या, शुक्रवारी वारज्याला मुलाखतीला जाणाऱ्या त्या लेकराला यश दे. नाव तुला ठाऊक आहे. आमेन."

"आमेन!" डावीकडून उत्तरेश्वर.

"आमेन," दारातून सरांनी घसा खाकरला.

इथवर ठीक होतं. पण मग एक आमेन खिडकीकडच्या टेबलावरून आलं. एक कुलरपाशी उमटलं. आणि सगळ्यांत खणखणीत आमेन माझ्या पाठीमागून आलं. वळून पाहते तर निकिता!

"मॅम," ती कुजबुजली, "एचआरची पण व्हेकन्सी आहे ना तिकडे."

शुक्रवारी अर्ध्या ऑफिसच्या आज्या वारल्या. उरलेले सगळे बाहेर फिल्टर बसवायला गेले. हिराताईसुद्धा गुडघा दाखवायला गेल्या होत्या. मी मधल्या टेबलावर ताठ बसले, डोळे मिटले आणि छातीठोकपणे, सगळ्या कॅन्टीनला ऐकू जाईल अशा आवाजात प्रार्थना केली. बघायला कुणीही नव्हतं! आमेनही माझं मलाच म्हणावं लागलं.

डब्यात पुन्हा दुधीच होता.