गल्लीभर विरजण

मीनाचं पत्र चैत्रात आलं होतं आणि सोमेश्वर सरांनी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं. मीना म्हणजे त्यांच्या दिवंगत पत्नीची, उषाबाईंची धाकटी बहीण, सुरतेला दिलेली. मागणं एवढंच होतं : "दाजी, ताईचं विरजण चालू असलं तर थोडं पाठवा. इकडच्या दह्याला ती चव न्हाई."

सरांनी राजूरच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं. जिवाणू दुधातली साखर खातात, वाढतात, आम्ल बाहेर सोडतात, त्यानं दही लागतं. मोकाट वाढू दिले तर आपल्याच आम्लात गुदमरतात. उषाबाई नुसतं कोपर बुडवून दूध कोमट आहे का ते बघायच्या. त्या गेल्या, सर पुस्तकात बुडाले आणि दही रोज आंबटढाण होऊ लागलं. हे तिचं म्हणून कसं पाठवायचं?

अखेर त्यांनी धीर केला. उषाबाईंच्या सुती लुगड्याचा तुकडा दह्यात भिजवून सावलीत वाळत घातला. वाळल्या फडक्यात जिवाणू निजून राहतात. पाकिटातून सहज गेले असते. पण संध्याकाळी फडक्याला साबणाचा वास.

"लई आंबूस वास येऊन राह्यल्ता, सर," घरकामाला येणाऱ्या शेजारच्या आसराबाई म्हणाल्या. "धुऊन टाकलं. दह्याचं गाडगंबी घासून ठिवलं."

"त्यात उषाचं विरजण होतं," सर कसेबसे म्हणाले.

आसराबाईंचा चेहरा उतरला. "माझ्या घरी हाय की दही. पण विरजण गल्लीतल्या वंदनाकडून आणल्तं."

सर आयुष्यात कुणाच्या दारी मागायला गेले नव्हते. वंदनाच्या उंबऱ्याशी चपला काढाव्यात की नाही, यातच ते अडकले. ती म्हणाली, "मी तं राधेश्यामभाऊच्या घरून नेल्तं."

राधेश्याम किराणावाले. ते हसले. "बिलकुल उषाकाकूचंच हाय, सर. आमचं बिघडलं की तुमच्याकडून, तुमचं बिघडलं की आमच्याकडून."

"आमचं बिघडायचं?"

"दर उन्हाळ्यात. काकू मागच्या दारानं यायच्या. म्हणायच्या, सरांना सांगू नका, ते आम्लावर बोलत बसतात."

सरांनी वाटीतलं दही चाखलं. तीच चव. मग त्यांनी विरजण मागून घेतलं, फडकं पुन्हा भिजवलं, वाळेपर्यंत दोरीजवळ खुर्ची टाकून बसले आणि पाकिटात कागद घातला : "मीना, विरजण ताईचंच आहे. गल्लीनं सांभाळलं. तुझं बिघडलं तर संकोच करू नकोस, माझंही बिघडतं."

पेटीत टाकण्याआधी त्यांनी पाकीट एकदा हुंगलं. मग टाकलं.