पहिली फेरी यशस्वी झाली

रेशनच्या रांगेत बोट ओलं करून वर धरणारा माणूस आमच्या चोपडा गावात एकच आहे. आमचे शेजारी नाना. वारा कुठून येतोय ते बघतात आणि सगळ्या रांगेला सांगतात, "वारा उना रे, भाऊ!" रांगेला वारा काय करायचाय? तिला गहू हवा असतो.

नाना आमच्या शिडाच्या होड्यांच्या क्लबाचे संस्थापक. केळी-कापसाच्या मुलखात असला क्लब काढणारा माणूस धन्यच म्हणायचा. घरात पंखा लावायचा असला तरी "शीड सोड" म्हणतात.

यंदा क्लबाचा इतिहास लिहिणं चाललं होतं. नाना सांगत, मी टाइप करत असे. वर्धापनदिनी तो वाचायचा होता. कुणी कुणावर चहा सांडला इथपर्यंत सगळं त्यात आलं. गाडी अडली ती एका वाक्यावर: "पहिली फेरी यशस्वी झाली."

आता खरं काय ते गावाला ठाऊक आहे. होडी पाण्यात सोडायला नानांनी मुहूर्त धरला आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. लेकी माहेरी आलेल्या, झाडाझाडाला झोके, मुहूर्त अगदी उत्तम. फक्त भर उन्हाळ्यात धरणाचं पाणी पार मागं गेलं होतं. नारळ फुटला, शीड चढलं आणि होडी चिखलात रुतली. दुसऱ्या दिवशी बैलजोडी लावून काढावी लागली.

मी ते वाक्य तीनदा खोडलं, नानांनी तीनदा परत घातलं. शेवटी मी चिडलो. "नाना, लोक हसतील. कमिटी म्हणते, खरं तेवढंच लिहा."

"मंग इतिहासच नको," म्हणत नाना कागद गुंडाळू लागले. या इतिहासासाठी माणूस वर्षानुवर्षं झुरलेला. मला काही कळेना.

गुंडाळता गुंडाळता आपणहून बोलले. "ते शीड तुन्ही काकूनी शिवेल व्हतं. बठ्ठा लोक हासत खाले उतरनात. ती नही उतरनी, मंग मी बी बठनू. दिवा लागेपावत. तिनी विचारं, 'चाली ऱ्हायनी ना होडी?' मी सांगं, 'हाव, चाली ऱ्हायनी.' मंग पानी पडना, धरन भरनं. पन तवपावत ती नही ऱ्हायनी."

काकूंना मी फक्त फोटोत पाहिलंय. मला फार वाईट वाटलं आणि माझ्या खोडाखोडीची लाजही वाटली.

वर्धापनदिनी मी मोठ्यानं वाचलं, "पहिली फेरी यशस्वी झाली. प्रवासी दोन."

मागं कुणीतरी हसलं. पहिल्या रांगेत नानांनी बोटानं डोळा पुसला आणि तेच ओलं बोट वर धरलं.