घर अकोल्यात, खांब अमरावतीत

शेषरावांचं नवं घर अमरावतीहून केव्हाचं निघालं होतं, पण अकोल्याला अजून त्यातले फाटकावरचे दोन सिंहच पोचले होते. तेही अर्धे. प्रियदर्शनीच्या लॅपटॉपवर आयाळ दिसत होती, तोंडं दिसत होती आणि पोटाखाली नुसता करडा चौकोन होता. त्या चौकोनात घर होतं, निदान असायला हवं होतं. समोर सतरंजीवर बसलेली सगळी मंडळी त्याच्याकडे डोळे लावून बसली होती.

"शेर चांगले आले," शेषराव म्हणाले. कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून ते बोलले.

खरं घर अजून बांधायचं होतं. आज दाखवायचं होतं ते त्याचं चित्र. पण चित्र असं की माउसने गरागरा फिरवावं, दारातून आत शिरावं आणि जिना चढून गच्चीवरही जावं. एवढा संसार प्रियदर्शनीच्या लॅपटॉपला झेपणारा नव्हता. तो चालायचा अमरावतीच्या ऑफिसातल्या एका दांडग्या कॉम्प्युटरवर आणि तिथल्या पडद्यावर जे दिसेल ते इंटरनेटवरून तिला अकोल्यात दिसायचं. म्हणजे चूल तिकडे आणि पंगत इकडे. मधल्या वाटेत वाढप्याला उशीर झाला की पंगतीने पानावर बसून राहायचं.

आणि आज उशीर परवडणारा नव्हता. प्रियदर्शनी राहायला अकोल्यात आणि नोकरीला अमरावतीत, आर्किटेक्ट गजेंद्र सरांकडे. रोज सकाळी गाडी पकडा, बडनेऱ्याला उतरा, तिथून ऑटोत कोंबून घ्या, संध्याकाळी तीच कसरत उलटी करा. तिने सरांच्या मागे भुणभुण लावली होती की अकोल्याची कामं अकोल्यातूनच होतील, एक छोटंसं ऑफिस काढू या. सर शेवटी वैतागून म्हणाले होते, की शेषरावांचं घर तिथून दाखव आणि तिथूनच पसंत करून घे. जमलं तर अकोल्याचं ऑफिस तुझं, नाही जमलं तर गाडी आहेच. तेव्हापासून तिला सुखाची झोप नव्हती. ऑफिसच्या पाटीचा रंगसुद्धा तिने मनातल्या मनात ठरवून टाकला होता.

सरांनी तिच्यासाठी कॉम्प्युटर अकरा ते बारा मोकळा ठेवला होता. पण शेषरावांच्या बायकोची, दुर्गाबाईंची, बहीण गोदाबाई बार्शीटाकळीहून यायची होती आणि बहीण आल्याशिवाय घर पाहायचं नाही, असं दुर्गाबाईंनी बजावलं होतं. घर पाहणं म्हणजे काय नवरा-बायकोनं उरकायची गोष्ट आहे? गोदाबाई आल्या तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. बरोबर त्यांच्या दोन जावा होत्या, शेजारचे खुशालराव होते, खुशालरावांचे व्याही होते. या गडबडीत वेळ पुढे गेल्याचं सरांना कळवायचं प्रियदर्शनी साफ विसरली. हे विसरणं पुढे चांगलंच अंगाशी येणार होतं.

आता ती पदर खोचून कामाला लागली, म्हणजे ओढणी मागे बांधून. चित्र हळू का येतं, तर ते जड असतं म्हणून. जड काय काय आहे ते शोधायचं आणि एकेक उतरवायचं. पहिलंच ओझं तिला सापडलं ते सरांच्या हौसेचं. सरांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर मागे चिखलदऱ्याचा धबधबा लावला होता, तोही पडता. म्हणजे घर बाजूला राहिलं आणि धबधब्याचा थेंबन् थेंब अमरावतीहून अकोल्याला येत होता. तिने धबधबा बंद केला. सिंहांना पोटं आली, फाटक आलं, आणि पुन्हा सगळं ठप्प झालं.

"काका, वायफायवर अजून कोणी आहे काय?" तिने विचारलं.

शेषरावांची छाती फुगली. वायफाय त्यांनी मुद्दाम आजच्यासाठी बसवून घेतलं होतं. "सगळेच आहेत न. आल्यागेल्याले पाणी इचारतो, तसा पासवर्ड देल्ला मी."

प्रियदर्शनीने मान वळवून पाहिलं. खुशालराव मोबाइलवर कुस्त्या पाहत होते. व्याही त्याच कुस्त्या आपल्या मोबाइलवर पाहत होते, कारण दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये काय डोकावायचं. गोदाबाई मुलीला व्हिडिओवर लॅपटॉप दाखवत होत्या, म्हणजे अमरावतीहून अकोल्याला न पोचलेलं घर त्या पुढे बार्शीटाकळीला पाठवत होत्या. सगळ्यांना वायफाय सोडायला सांगा, असं तिने शेषरावांना सुचवलं. शेषराव एकदम गंभीर झाले. पाहुण्याच्या हातातला पेला कोणी काढून घेतं का? त्यांच्या उभ्या खानदानात असं झालं नव्हतं.

शेवटी तोड दुर्गाबाईंनी काढली. त्यांनी आतून पितळी परात आणली आणि नवऱ्याच्या हातात दिली. शेषरावांची सगळी हयात एसटीत कंडक्टरकीत गेली होती. हातात परात येताच त्यांच्या पायांना जुनी सवय आठवली आणि ते सतरंजीवरच्या माणसांमधून वाट काढत फिरू लागले. "चला, मोबाइल. मागचे, मोबाइल." सगळ्यांनी निमूटपणे मोबाइल बंद करून परातीत टाकले. कोणाला वाईट वाटू नये म्हणून प्रियदर्शनीनेही आपला त्यात ठेवला, चालूच, पण आवाज बंद करून. परात आतल्या खोलीत पलंगावर गेली.

आणि घर आलं. अगदी वाजतगाजत आलं म्हणा ना. खाली उंच नक्षीदार खांब, वर घुमट, घुमटाच्या चार बाजूंना चार छत्र्या, बाल्कनीला सोनेरी जाळी आणि अंगणात दुर्गाबाईंचा कडुनिंब. गोदाबाईंनी तोंडावर हात ठेवला. शेषरावांनी मात्र नुसता घसा खाकरला. प्रियदर्शनीने घर फिरवायला माउस हलवला तर घर जागचं हलेना. मग एकदम अर्धं वळलं आणि अर्धं तसंच राहिलं. खुशालरावांच्या व्याह्यांनी हलक्या आवाजात विचारलं, की कुस्त्या पाहायला मोबाइल परत मिळेल का.

आता ती ईर्षेला पेटली. ऑफिस हातचं जाताना दिसत होतं आणि बडनेऱ्याचा फलाट जवळ येत होता. चित्र यायला जड, तर चित्रच हलकं करू. तिने सावल्या पुसल्या. रंग कमी केले. मग सोनेरी जाळी काढली, कारण तिचं एकेक भोक कॉम्प्युटर मोजत बसत होता. चारही छत्र्या गेल्या, घुमट गेला. सिंह गेले तेव्हा कोणीतरी "अरे अरे" म्हणालं. नक्षीचे खांब गेले. शेवटी कडुनिंब गेला, कारण त्याला पानं होती आणि प्रत्येक पान अमरावतीहून स्वतंत्र येत होतं. मग तिने माउस हलवला आणि घर भिंगरीसारखं गर्रकन फिरलं.

सतरंजीवर नुसता हलकल्लोळ झाला. ती दारातून आत गेली, माणसंही आत गेली. ती स्वयंपाकघरात वळली तशा गोदाबाई बसल्या जागी वळल्या. जिना, गच्ची, पुन्हा खाली. शेषराव गुडघ्यावर उभे राहिले होते. "ओसरी पाहा," ते सगळ्यांना सांगत होते, "किती मोकळी आहे पाहा. बसाले जागा पाहा." इतक्या दिवसांत त्यांना एवढं खूश तिने प्रथमच पाहिलं आणि तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"माहा निंब कुठी गेला?" दुर्गाबाईंनी विचारलं.

प्रियदर्शनीने समजावलं, की हे फक्त चित्र आहे, झाड तुमच्या अंगणात जसंच्या तसं आहे, खिडकीतून पाहा. दुर्गाबाईंनी खिडकीतून खरोखरच पाहिलं. पण त्यांचं समाधान झालं नाही. लग्न होऊन आल्या त्या साली त्यांनी तो लावला होता आणि निंब राखून घर बांधायचं असं वचन त्यांनी नवऱ्याकडून घेतलं होतं. आज चित्रातून गेला, उद्या कंत्राटदार चित्र पाहून कुऱ्हाड घेऊन आला तर?

ती उत्तर देणार तोच घराला एक खांब फुटला.

तिने तो काढला. दोन आले. तिने दोन्ही काढले, तोवर वर घुमट बसला. ती घुमटाकडे वळली तर फाटकावर सिंह हजर. प्रियदर्शनीला वाटलं, मघाचं अडकलेलं आता येतंय, नेटवर्कचं काय सांगावं. ती दात-ओठ खाऊन माउस दाबू लागली. ती पाडी आणि घर पुन्हा उभं राही. सतरंजीवर दोन तट पडले. खुशालराव आणि व्याही, ज्यांच्या कुस्त्या बुडाल्या होत्या, ते सरसावून बसले आणि कोण जिंकतं ते पाहू लागले. शेवटी मागे चिखलदऱ्याचा धबधबा धो धो सुरू झाला. धबधबा कधी आपोआप सुरू होत नाही.

अमरावतीत गजेंद्र सर कॉम्प्युटरसमोर बसले होते. अकोल्याचं काम बाराला आटोपलं असणार, असं समजून ते निवांत जेवून आले, आणि पाहतात तो त्यांच्या डोळ्यांदेखत माउसचा बाण स्वतःहून फिरतोय आणि त्यांनी महिनाभर जीव ओतून काढलेला महाल कोणीतरी पद्धतशीर पाडून टाकलाय; एक खांब उभा केला की तोही पाडतोय. त्यांनी प्रियदर्शनीला फोन लावला. फोन परातीत होता आणि मुका होता. पण तो पितळी परातीत थरथरत होता. सगळे मोबाइल एकमेकांवर आपटून आतल्या खोलीत असा खणखणाट उठला की दुर्गाबाई मांजर शिरलं म्हणून धावल्या. परात घेऊनच त्या बाहेर आल्या आणि त्यांनी ती नवऱ्यासमोर ठेवली. कोणाचा वाजतोय ते कळेना. शेषरावांनी थरथरणारा मोबाइल उचलला आणि पाहुण्यांनाही ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला.

"प्रियदर्शनी, आपल्या कॉम्प्युटरमंदी कोणतरी घुसलं," सरांना धाप लागली होती. "तो खांब पाडून राह्यला, मी उभे करून राह्यलो. आता मी सरळ वायरच उपटतो."

प्रियदर्शनीने माउस सोडला. खरं सांगावं तर तिनेच सरांचा घुमट पाडला होता, विचारल्याशिवाय, भर पाहुण्यांत. ऑफिसची पाटी तिच्या डोळ्यांपुढून खाली आली. तिने तोंड उघडलं, पण त्याआधी शेषराव बोलले.

"साहेब, वायर काढू नका. खांब मी पाडून राह्यलो."

मग सरांनी विचारलं, "तुमी? काहून?"

"मले ते पायजेच नोते," शेषराव म्हणाले. त्यांच्या कपाळाला घाम आला होता. डेपोतल्या भल्याभल्या साहेबांना तोंडावर सुनावणारा हा माणूस, पण हे वाक्य बोलायला त्याला महिना लागला होता. "घुमटाखाली मी काय करू साहेब? मले ओसरी पायजे, चार माणसं बसतीन अशी. शेर पाहून माणूस फाटकातूनच वापस जाईन."

"मंग पयलेच सांगतलं काहून नाही?"

"तुमी येवढ्या हौसेनं कागदावर दाखवून राह्यले होते. तोंडच नाही झालं माहं."

पडद्यावर घर उभं होतं, खांब, सिंह, घुमट, सगळं. प्रियदर्शनीने हात माउसवरून काढून मांडीवर ठेवला होता. मग हळूच एक सिंह गेला. दुसरा गेला. खांब एकेक करून गेले. घुमट जरा घुटमळला, आणि तोही गेला. धबधबा थांबला. ओसरी मोकळी झाली, आणि प्रियदर्शनीला सरांविषयी इतकी माया आली की तिला डोळे पुसावे लागले.

"हेच पायजे काय?" सरांनी विचारलं.

"हेच," शेषराव म्हणाले. मागून गोदाबाई, त्यांच्या जावा आणि खुशालरावांचे व्याहीसुद्धा हेच म्हणाले.

सरांनी सुस्कारा टाकला. "प्रियदर्शनी, अकोल्याचं तूच पाहा बाई आता. माह्यानं इतकं पाडणं होत नाही."

तिला उठून नाचावंसं वाटत होतं. पण दुर्गाबाई हलल्या नव्हत्या. त्यांनी पडद्यावरच्या रिकाम्या अंगणावर बोट ठेवलं होतं आणि ते बोट काही उचललं जात नव्हतं.

"काकू, निंब लावला तं घर पुन्हा हळू होईन," प्रियदर्शनी म्हणाली. "पान पान येत बसन."

"होऊ दे," दुर्गाबाई म्हणाल्या. "झाडाले टाइम लागतेच."

तिने निंब लावला. घर जागच्या जागी थबकलं आणि अंगणात एक करडा चौकोन उमटला. कोणी कुरकुर केली नाही. दुर्गाबाईंनी परात मधे सरकवली, पण मोबाइल कोणी उचलले नाहीत. गोदाबाई चहा टाकायला आत गेल्या. बऱ्याच वेळाने, अजून चालूच राहिलेल्या फोनमधून सरांचा आवाज आला.

"आला काय निंब?"

"बुंधा आला, साहेब," शेषराव पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "पानं फुटून राह्यली. तुमीबी चहा घेऊन बसा."