महालिंगअप्पांची पेटी

महालिंगअप्पा पेटी पारखायचे ती गुळाच्या ढेपेसारखी. आधी जवळ जाऊन वास घ्यायचे. मग कान लावून लाकडावर टिचकी मारायचे. मग खांद्यावरच्या उपरण्याने एकेक पट्टी पुसायचे आणि बोटाला काही लागलं का ते उजेडात धरून बघायचे.

घाटनांदूरला त्यांचं किराणा दुकान होतं, आमच्या घराला लागूनच. तूर दाताखाली धरून ती कोणत्या शिवारातली हे सांगणारा माणूस. पण वाद्यातलं त्यांना काही कळत नव्हतं. टाळही ते एक ठोका उशिरा वाजवायचे. तरी दर मंगळवारी मोमिनाबादच्या बाजाराला गेले की मालाची खरेदी राहो बाजूला, धुतलेलं धोतर नेसलेले अप्पा आधी बशीरमियाँच्या वाद्यांच्या दुकानात शिरायचे.

दुकानात सतारी होत्या, तबले होते, छावणीतल्या बँडचे दुरुस्तीला आलेले पितळी कर्णे होते. अप्पा त्यांच्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. त्यांना लागायची सगळ्यांत महाग वस्तू. कलकत्त्याहून आलेली, आत फ्रान्सचे सूर बसवलेली, हस्तिदंती पट्ट्यांची पेटी.

"अप्पा, टिचकी नको मारो," बशीरमियाँ म्हणायचे. "तरबूज नहीं है वो."

"वस्तू पारखून घ्यावी मियाँ. घाई न्हाई."

एवढं सगळं झालं की अप्पा मांडी घालून बसायचे, डाव्या हाताने भाता ओढायचे आणि उजव्या हाताच्या एका बोटाने पांढऱ्या पट्ट्यांतली चौथी दाबायचे. एकच. डोळे मिटून, भात्यातली हवा संपेपर्यंत. मग बोट उचलून म्हणायचे, "बरी हाय. पुढच्या बाजारी बघू."

हे सात वर्षं चाललं होतं.

बाजारात त्याची थट्टा व्हायची. "अप्पा, एका सुराची किंमत देऊन तेवढाच घरी न्या की!" कोणी म्हणे चिक्कू, कोणी म्हणे चक्रम. मीही हसलो आहे, हे इथे कबूल करतो. दुसरं एक नवल मात्र माझ्या लक्षात येऊनही मी त्याचा विचार केला नव्हता. दुसरं कोणी त्या पेटीची चौकशी केली की बशीरमियाँ अशी काही किंमत सांगायचे, की माणूस ढोलकी घ्यायला आलेला असला तरी ती न घेताच निघून जायचा.

आमच्या घरात शाळेची पायरी चढलेला मी पहिला. औरंगाबादला कॉलेजात गेलो तेव्हा अप्पांनी मला वाटेसाठी लाह्या आणि गूळ बांधून दिला आणि तेव्हापासून ते मला 'बालिष्टर' म्हणू लागले. कॉलेजातल्या आमच्या एका मास्तरांच्या पत्नी मुलींची शाळा चालवत. प्रार्थनेसाठी त्यांना चांगली पेटी हवी होती. कोणाच्या ओळखीत आहे का, असं मास्तरांनी वर्गात विचारलं. मोठ्या शहरातल्या वर्गात माझा हात सहसा वर होत नसे. त्या दिवशी झाला.

सुट्टीत पैसे घेऊन गावी आलो आणि मंगळवारी अप्पांच्याच गाडीत बसलो. वाटेत काही बोललो नाही. अप्पांना आश्चर्याचा धक्का द्यायचा, एवढाच माझा पोरकट विचार.

त्यांची टिचकी मारून झाली, पट्ट्या पुसून झाल्या. तेव्हा मी पुढे झालो. "बशीरमियाँ, ही पेटी मला घ्यायची आहे."

बशीरमियाँनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग अप्पांकडे. नंतर नेहमीची ती अवाच्या सवा किंमत सांगितली. आवाज मात्र नेहमीचा नव्हता.

"अन् घेऊ नकोच तू ती," अप्पा घाईघाईने म्हणाले. "भाता फुसका हाय. लाकूड दमट हाय. त्या कोपऱ्याला भुंगा लागलाय, दिसत न्हाई का तुला? लई खराब वस्तू हाय बे."

"अप्पा, सात वर्षं तुम्हीच तर म्हणता, बरी हाय!"

मी हे हसत म्हणालो. दुकानात दुसरं कोणी हसलं नाही. बशीरमियाँ एका सतारीची खुंटी उगीच पिळत बसले.

अप्पा म्हणाले, "कावून पायजे तुला?"

मी शाळेचं सांगितलं.

"पोरी वाजवनार?"

"हो अप्पा."

"अन् बाप सोडतात त्यांचे?"

"काही सोडतात."

अप्पांनी मान खाली घातली. "आमची गौरा मागत होती," ते म्हणाले.

गौरा त्यांची एकुलती लेक. मला ती आठवते. मठात सोमवारच्या भजनाला बायकांच्या बाजूने तिचा आवाज सगळ्यांच्या वर यायचा. तिच्या लग्नाची बोलणी चालली होती त्याच वर्षी तापाची साथ आली.

"एकदा हट्ट करून संगं आली बाजाराला," अप्पा पेटीशी बोलल्यासारखे बोलत होते. "हितं बसली. एक पट्टी दाबली अन् तिच्यात आवाज मिळवला. कुठं पेटी, कुठं पोर, कळंना. मियाँ म्हनले, लडकी का सूर पांढरी चार है. मी बाहीर बघितलं तर चार मानसं थांबलेली. मला लाज वाटली. बायांत पेटी कोन वाजवतं? कलावंतिनी. हाताला धरून उठवलं तिला."

"काय म्हणालात तिला?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"काय म्हननार? म्हनलं, पुढच्या बाजारी बघू." अप्पांनी उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळलं. "पुढच्या बाजारी पुन्हा मागितली. पुन्हा त्येच म्हनलं. तिसऱ्यांदाबी. चौथ्या मंगळवारी ती न्हवती."

मी पैसे परत खिशात घालू लागलो. अप्पांनी माझं मनगट धरलं.

"घेऊन जा. मियाँ, खरी किंमत सांगा पोराला."

बशीरमियाँनी सांगितली. मास्तरांच्या पैशांत ती आरामात बसली.

परतताना अप्पांनी पेटी गाडीत ठेवू दिली नाही. घाटनांदूर येईपर्यंत मांडीवर धरून होते. चाक खड्ड्यात गेलं की ते पेटीसकट वर उचलले जात, पण मांडीवरून ती जराही हलत नसे. उतरताना एवढंच म्हणाले, "पोरींना सांग, चौथी पट्टी हळू दाबा म्हनावं. लई दाबली गेलीया ती."

पुढच्या सुट्टीत मी आलो तेव्हा अप्पा दुकानात तूर निवडत होते. मंगळवार असून घरी. बाजाराला आता नोकर जातो, असं कळलं. त्यांनी काही विचारलं नाही, म्हणून मीच सांगू लागलो. मुली पेटीपाशी कोण बसणार यावरून भांडतात. एक सात-आठ वर्षांची आहे, तिचा हात भात्यापर्यंत पुरत नाही, म्हणून दुसरी भाता ओढते आणि ही पट्ट्या दाबत गाते.

अप्पांचा सुपातला हात थांबला.

"येता का अप्पा एकदा ऐकायला?" मी भीत भीत म्हणालो. "लांब आहे. चार-पाच मुक्काम पडतील."

"बघू की," ते सवयीने म्हणाले. "पुढच्या..."

आणि थांबले. सूप खाली ठेवलं. गोठ्यातल्या बैलांकडे पाहिलं.

"बालिष्टर," ते म्हणाले, "आत्ता गाडी जुंपली, तर कवा पोचू?"